उचे दाबे, एक जानेवारी

धूळ आधी दिसते, मग आवाज येतो, आणि मग गाडी येते किंवा येत नाही. त्यामुळे आमच्या ड्रीहुक वस्तीत नुसती धूळ दिसली म्हणून कोणी उठत नाही. पण त्या मंगळवारी म्हातारा तोमा छातीवर हात मारून म्हणाला की ही धूळ सरकारी आहे, आणि सगळी वस्ती उठली.

"सरकारी धूळ कशी असते हो, भावजी?" म्हाताऱ्या उचेनं विचारलं. ती शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी घासत बसली होती. तिनं मान वर केली नव्हती.

"दमून येते, वहिनी. आणि आधीच रागावलेली असते."

तेवढ्यात बायकांनी कॅन उचलले, पोरांनी आरडाओरडा केला, कुत्र्यांनी एकमेकांना चावून घेतलं. उचेची मुलगी बाकू टाकीवरून खाली उडी मारून आली. ती टाकीत वाकून बघत होती. हिरव्या प्लॅस्टिकच्या टाकीत पाणी घोट्याच्या वर आणि गुडघ्याच्या खाली होतं. ऑक्टोबर अर्धा सरला होता. वाळू सकाळी नवालाच तापायची आणि मग दिवसभर तळवा टेकवू द्यायची नाही. पावसाचं काही खरं नव्हतं.

आम्ही ड्रीहुकला आलो त्याला चार वर्षं झाली होती. ज्या फार्मवर आमचे आजे-पणजे जन्मले ते फार्म विकलं गेलं. गुरांसकट विकलं, पंपासकट विकलं, कुंपणासकट विकलं. फक्त आमच्याशिवाय विकलं. मग सरकारनं आम्हाला ही तीन कुंपणांच्या मधली वाळू दिली आणि महिन्याला मक्याचं पीठ, तेल, डब्यातले मासे, आणि दर पंधरवड्याला पाण्याचा टँकर. पीठ नसलं तर माणूस काहीतरी खणून खातं. पाण्याचं तसं नाही. इथली वाळू कितीही खणली तरी वाळूच लागते.

तर गाडी आली. पण तिच्यात पीठ नव्हतं, पाणीही नव्हतं. तिच्यात एलिफास होता.

एलिफास शहरातल्या कचेरीतला तरुण माणूस. चांगला होता बिचारा. गाडीतून उतरला तेव्हाच त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, आणि हातातलं चपटं यंत्र तो आजारी पोर धरावं तसं उन्हापासून आडोसा करून धरत होता. तो शेतमालकांची भाषा बोलायचा, म्हणजे आफ्रिकान्स. आमच्यात ती नीट येणारा एकच पुरुष होता, बाकूचा नवरा दाबे. त्यानं बारा वर्षं कुंपणं दुरुस्त केली होती, आणि मालकाच्या शिव्या खाऊन खाऊन त्याची भाषा पक्की झाली होती.

"तुमच्या यादीत एकशे त्रेसष्ट माणसं आहेत," एलिफास म्हणाला. "यंत्र म्हणतं, अठ्ठ्याऐंशीच खरी. बाकी नावं पुन्हा पुन्हा आलीत."

दाबेनं ते आम्हाला सांगितलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. आम्हाला तर सगळे दिसत होते.

आता यात यंत्राचा तसा दोष नव्हता. आमच्यात नाव नव्यानं शोधत नाहीत. पोराला आज्याचं नाव, पोरीला आजीचं. पुरुषांची तीसेक नावं आहेत, बायकांची तेवढीच, आणि आजवर कोणाला ती कमी पडलेली नाहीत. आडनाव म्हणून बापाचं नाव लावलं, तर तोमाचा दाबे, दाबेचा तोमा, पुन्हा तोमाचा दाबे, असं खाली खाली जात राहतं. एका घरात आजा आणि नातू अगदी एकाच नावाचे. जन्मतारीख मागच्या साहेबानं सगळ्यांची एक जानेवारी टाकली होती, कारण त्याला घरी जायची घाई होती. साल अंदाजानं टाकलेलं, आणि अंदाजावर यंत्र विश्वास ठेवत नाही.

"एकेकाला बोलवा," एलिफास म्हणाला. "विचारून घेऊ."

मान म्हणून म्हाताऱ्या उचेला पुढं केलं. ती आमच्यात वयानं मोठी, शब्दाला वजन असलेली. तिच्या कडेवर बाकूची धाकटी पोर होती, चार वर्षांची, छोटी उचे. आजीचंच नाव.

"आजींना विचार," एलिफास दाबेला म्हणाला, "उचे दाबे, एक जानेवारी. दोनदा आलंय. दोन वेगळ्या बाया आहेत की एकच?"

दाबेनं मान फिरवली आणि गाडीच्या टायरकडे बघत बायकोला म्हणाला, "तुझ्या आईला विचार, उचे दाबे दोन आहेत की एक."

सासू हातभर अंतरावर उभी होती. पण जावई सासूशी थेट बोलत नाही, तिच्या डोळ्यात बघत नाही. एलिफास दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला.

"आई, साहेब विचारतायत, तू आणि ही दोघी वेगळ्या की एकच?"

असला प्रश्न म्हाताऱ्या उचेला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. तिनं कडेवरच्या पोरीचा गाल चिमटीत धरला. आपलं नाव दुसऱ्याला दिलं की ते माणूस आपणच. पोर रडलं तर आपण रडलो, पोर मोठं झालं तर आपण मेलो तरी शिल्लक. हे आमच्यात दूधपित्या पोरालाही माहीत असतं.

"एकच की," ती ठासून म्हणाली. "ही मीच आहे. मी हीच आहे. यात विचारायचं काय?"

बाकूनं दाबेला सांगितलं, दाबेनं टायरला आणि टायरच्या वाटेनं एलिफासला. एलिफासनं मोठा उसासा सोडला, बोटानं एक ओळ पुसली आणि म्हणाला, "प्रामाणिक बाई आहे."

मग काय विचारता! म्हातारी जे म्हणाली तेच सगळे म्हणाले. तोमांनी आपापल्या नातवांना पुढं ढकलून सांगितलं, हा मीच. बायकांनी नाती दाखवल्या, ही मीच. एवढा प्रामाणिकपणा एलिफासनं उभ्या नोकरीत बघितला नव्हता. बोट दुखेपर्यंत तो पुसत राहिला. शेवटी अठ्ठ्याऐंशी उरले, यंत्र म्हणालं होतं तेवढेच. तेव्हा त्याचा चेहरा जरा पडला.

"एक अडचण आहे," तो दाबेला म्हणाला. "टँकर शंभर माणसांच्या वर असलेल्या वस्तीलाच येतो. पुढच्या गुरुवारी मी पीठ घेऊन येईन. तेव्हा यादी बंद करून वर पाठवायची आहे. काही सांगायचं असेल तर तेव्हाच."

गाडी गेली. धूळ बसली. दाबेनं सगळं सांगितलं, शेवटचं वाक्य दोनदा सांगितलं. कोणी उचेकडे बघितलं नाही. न बघण्याची पण एक तऱ्हा असते.

*

मधल्या नऊ दिवसांत टाकी घोट्याखाली आली.

बाकू रोज पहाटे कॅन घेऊन निघायची. शेजारच्या फार्मच्या फाटकाशी एक नळ होता, चालत जायला अडीच तास. तिथला पहारेकरी माणशी एक कॅन भरू द्यायचा, तोही गुरं पिऊन झाल्यावर. बायका फाटकाबाहेर उन्हात बसायच्या आणि आत गुरं पाणी पिताना बघायच्या. गाय पाणी पिते तेव्हा किती सावकाश पिते, हे फाटकाबाहेर बसल्याशिवाय कळत नाही. परतताना कॅन डोक्यावर, मान आत गेलेली, वाळूत पाय पिंडरीपर्यंत रुतणारा. कॅनची कड बाकूच्या टाळूवर रुतून तिथले केस गेले होते.

दाबे तोवर खणायची काठी घेऊन कंद शोधायचा. कंद पिळला की घोटभर कडू पाणी येतं. ते पिऊन तोंड असं होतं की बायको दिवसभर काही बोलायला सांगत नाही.

म्हातारीनं पाणी पिणं जवळजवळ सोडलं होतं. मणी घासायला लागतं तेवढं थेंबभर पाणीसुद्धा ती थुंकीवर भागवायची. तोमानं विचारलं तर म्हणाली, "यादीत नसलेल्या माणसाला तहान लागत नाही, भावजी. नियम आहे."

"मग बोलता कशाला? यादीत नसलेलं माणूस बोलत पण नाही."

"तुमच्याशी बोलणं हे बोलण्यात धरत नाहीत."

छोटी उचे वाटी तोंडाला लावायची आणि पिऊन झाली की आजीला विचारायची, "तुझी तहान गेली?"

"अर्धी गेली," म्हातारी म्हणायची. आणि पोर उरलेलं पाणी विचारात पडून बघत राहायची.

सोमवारी बाकू फाटकावरून आली ती धावत आली. भरलेला कॅन डोक्यावर असताना आमच्यात कोणी धावत नाही. पाणी कानावरून गळत होतं आणि ती हसत होती.

"पहारेकऱ्यानं विचारलं, काल एक उचे येऊन दोन कॅन भरून गेली, ती कुठली? मी म्हटलं, आमच्यात सहा उचे आहेत. तर तो म्हणतो, ती गं, बेडकाला भिऊन झाडावर चढली होती ती. मी म्हटलं, हां, ती बेडूकभ्याली! आणि त्याला लगेच कळलं! अरे, त्याला कळतं तर यंत्राला का नाही कळणार?"

वस्ती जागच्या जागी उभी राहिली.

टोपणनावं! ती तर प्रत्येकाला होती. एकेकाला दोन-दोन होती. फक्त ती माणसाच्या पाठीमागं असतात. तोंडावर म्हणायचं तर ज्याचं थट्टेचं नातं असतं तोच म्हणू शकतो: आजा नातवाला, दीर वहिनीला. बापाचं, सासूचं टोपणनाव तोंडातून काढणं म्हणजे त्यांच्या पुढ्यात नागडं नाचणं.

बुधवारी सकाळी मोठ्या काटेरी झाडाखाली सगळे जमले, आणि जन्मात ऐकलं नव्हतं ते ज्यानं त्यानं ऐकलं.

"मला उद्यायेतो म्हणतात?" म्हातारा तोमा ताडकन उठला. "कोण म्हणतं?"

"सगळे," वीसेक जण म्हणाले.

"मी उद्या येतो म्हणून कधी आलो नाही का?"

"एकदा आला होतात," उचे म्हणाली. "पण परवा."

दुसऱ्या एका तोमाला कळलं की आपण झोपेतशिकारी आहोत. तो बायकोकडे वळला, कारण झोपेत तो काय ओरडतो हे दुसरं कोण सांगणार? बेडूकभ्याली म्हणाली की तो बेडूक नव्हताच, सरडा होता, आणि सरडाभ्याली लिहा. त्यावर मत पडलं की यंत्राशी खोटं बोलायचं नाही. दाबे दुधातपडला निघाला. लहानपणी तो मालकाच्या दुधाच्या पिंपात पडला होता आणि त्याला बाहेर काढण्याआधी मालकानं दुधाची चिंता केली होती. दोन बायकांची मारामारी झाली, तिघं रुसून झोपडीत गेले, आणि दुपारपर्यंत एकशे बासष्ट माणसं वेगवेगळी झाली. हसून हसून लोकांच्या बरगड्या दुखत होत्या. एवढ्या तहानेत एवढं हसू कुठून आलं कोण जाणे.

एकच राहिली.

म्हाताऱ्या उचेचं टोपणनाव सगळ्यांना माहीत होतं. कोणी ते घेतलं नाही.

"भावजी," ती म्हणाली, "तुमचं-माझं थट्टेचं नातं आहे. घाबरता काय? सांगा."

तोमा वाळूवर रेघा ओढत बसला. "मी म्हटलं तरी साहेबाला ते दाबेच सांगणार ना? सासूचं नाव जावयाच्या तोंडून? त्याची जीभ गळून पडेल. तुम्हाला ती भाषा येते की, वहिनी. मालकिणीच्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षं भाकरी भाजलीत तुम्ही. तुम्हीच सांगा."

"ती भाषा मी जुन्या फार्मच्या फाटकावर ठेवून आले," उचे म्हणाली आणि मणी उचलून निघून गेली.

"आई!" बाकू मागून ओरडली. "तुझं पीठ, तुझं पाणी जाईल!"

"छोटी आहे ना यादीत? मग मी आहे."

"ती आहे! तू नाहीस! तू मेलीस तर मी कोणाला आई म्हणू, तिला?"

म्हातारी थांबली नाही. पण तिची पाठ थोडी वाकली असं काहींना वाटलं. काहींना वाटलं, ते ऊन होतं.

*

गुरुवारी एलिफास पीठ घेऊन आला. पोती उतरवायच्या आधीच लोकांनी त्याला घेरलं, आणि दाबेनं घाम पुसत सांगितलं की साहेब, आमच्याकडे पंचाहत्तर माणसं जास्त सापडली आहेत.

एलिफास गाडीच्या पायरीवर बसला. "कुठं?"

"इथंच होती."

मग नावं सुरू झाली. नावं आमच्या भाषेतली, अर्थ दाबे सांगायचा. आधी एलिफास गंभीरपणे लिहीत होता. झोपेतशिकारीला त्याच्या ओठांचे कोपरे हलले. बेडूकभ्यालीला त्यानं यंत्र मांडीवर ठेवून तोंड पुसलं. उद्यायेतो म्हाताऱ्यानं जवळ येऊन सांगितलं की साहेब, हे नाव बरोबर नाही, पण लिहा, आणि एलिफास इतका हसला की ड्रायव्हर बघायला आला. यंत्र प्रत्येक नाव घेत होतं. पहिल्यांदाच त्याला आमच्यात काही चूक सापडत नव्हती. शंभराचा आकडा ओलांडला तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या, तोंडानं पक्ष्यासारखा आवाज काढला, आणि कुत्रीसुद्धा शेपटी हलवत फिरू लागली. टँकर येणार! टँकर येणार!

"एकशे बासष्ट," एलिफास म्हणाला. "लवकर करा. यंत्राची बॅटरी चार टक्के राहिली आहे."

"एक आहे अजून," दाबे म्हणाला.

"नाव?"

दाबेनं टायरकडे बघितलं. मग आभाळाकडे. मग आपल्या पायांकडे. "उचे दाबे," तो म्हणाला, आणि पुढं त्याच्या तोंडून काही निघेना.

"उचे दाबे काय?"

"ते मला बोलता येत नाही, साहेब."

"येत नाही म्हणजे? तुला भाषा येते ना?"

"भाषा येते."

"तीन टक्के," एलिफास म्हणाला. "मग ते राहू दे. दोघींतल्या एकीचंच नाव राहील."

तेव्हा म्हातारी उचे झाडाखालून उठली. छोटीला तिनं खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून सरळ झाली आणि गर्दीतून पुढं आली. तिला येताना बघून दाबे गाडीच्या मागं गेला आणि दोन्ही कानांत बोटं घालून वाळूत बसला.

ती एलिफाससमोर उभी राहिली आणि त्याच्या भाषेत बोलली. चाळीस वर्षं स्वयंपाकघरात शिकलेली भाषा, स्वच्छ, मालकिणीसारखी.

"तरुण माणसा, माझं ऐक आणि लिही. आम्हाला फार्मवरून काढलं तेव्हा आम्ही निघेना म्हणून त्यांनी पंप बंद केला. गुरांच्या हौदात तेवढं पाणी राहिलं होतं. ते पण ओतून द्यायला माणसं आली. मी त्या हौदात जाऊन बसले. कपड्यांसकट. दोन दिवस आणि एक रात्र बसले, आणि सगळ्यांनी माझ्या आजूबाजूचं पाणी काढून प्यायलं. तिसऱ्या दिवशी चौघांनी मला हातपाय धरून बाहेर काढलं. माझा घागरा डोक्यावर आला होता. सगळं दिसत होतं. त्यांची माणसं हसली. आमची पण हसली. माझा दीर सगळ्यांत जास्त हसला. माझं नाव हौदातबसली."

एलिफास तिच्याकडे बघत राहिला. तिचे ओठ फुटले होते आणि खालच्या ओठावर रक्ताचा थेंब होता.

"आता दोनच टक्के उरले असतील," ती म्हणाली. "लिही ना."

त्यानं लिहिलं. तो हसला नाही. लिहून झाल्यावर त्यानं यंत्र तिला दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं नीट बघितलं, खालपासून वरपर्यंत, आणि मान हलवली.

गाडी गेल्यावर बाकू तिच्याजवळ आली. तिनं वाटी पुढं केली. म्हातारीनं ती सगळी पिऊन टाकली आणि म्हणाली, "अजून आण."

*

टँकर आला तो पुढच्या मंगळवारी, आणि त्याची धूळ दिसली तेव्हा कोणी तोमाला विचारलं नाही. पोरं टँकरच्या दोन्ही बाजूंनी पळत होती. नवा ड्रायव्हर होता. त्याच्या हातात छापलेली यादी होती आणि नाव पुकारून पहिला कॅन ज्याचा त्याला द्यायचा, मग टाकी भरायची, असा त्याला हुकूम होता. बिचारा वाचू लागला.

"तोमा दाबे झोपेतशिकारी!"

झोपेतशिकारी पुढं गेला आणि लोक लोळले.

"दाबे तोमा दुधातपडला!"

दाबे गेला. कोणीतरी म्हणालं, आता पाण्यात पडू नकोस, तेही मोजून आलंय. उद्यायेतो दोनदा पुकारेपर्यंत उठला नाही, मुद्दाम. बेडूकभ्याली जाताना तिच्या वाटेत एका पोरानं डराव केलं आणि ती खरोखर उडाली. आपण काय वाचतोय हे ड्रायव्हरला कळत नव्हतं, पण त्याच्याही तोंडावर हसू आलं होतं. पाणी कॅनमध्ये पडण्याचा आवाज, हसण्याचा आवाज, कुत्र्यांचा आवाज, सगळं एकात एक मिसळलं होतं.

"उचे दाबे हौदातबसली!"

सगळं थांबलं. माणसं पायांकडे बघू लागली. म्हाताऱ्या तोमानं तोंड फिरवलं. एका बाईनं आपल्या पोराच्या तोंडावर हात ठेवला.

म्हातारी उचे कॅन कमरेवर घेऊन निघाली. गर्दीनं वाट दिली. ती अर्ध्या वाटेवर आली, थांबली, आणि तिनं चहूकडे बघितलं, एकेकाच्या तोंडाकडे.

"काय रे?" ती म्हणाली. "झोपेतशिकाऱ्याला हसलात, त्या बेडकीला हसलात. माझं नाव आलं तर सगळ्यांना मुंग्या चावल्या? का हसायलासुद्धा यादीत नाव लागतं?"

आधी तोमाच्या नाकातून आवाज आला. त्यानं तो दाबला, पण तो तोंडातून निघाला. मग बेडूकभ्याली वाकली आणि तिनं गुडघे धरले. मग सगळी वस्तीच फुटली. माणसं वाळूत बसली, एकमेकांच्या अंगावर पडली, डोळ्यांतून पाणी गाळू लागली, तेही या महागाईत. दाबे टँकरच्या मागं पळाला. सासूला हसणं पाप, म्हणून तो तिथं टायरला डोकं टेकून उभा राहिला, आणि त्याचे खांदे गदागदा हलताना सगळ्यांना दिसत होते. मध्ये उभी राहून म्हातारी हसत होती, तोंड उघडून, फुटक्या ओठांनी, उरलेले चारही दात दाखवून.

ड्रायव्हर यादी हातात धरून वाट बघत होता. शेवटी त्यानं ओरडून विचारलं, "पुढचं नाव वाचू का?"

"थांब," उचेनं त्याला त्याच्या भाषेत सांगितलं. "अजून माझंच चाललंय."